निकाल लागून गेला, मन मात्र मोजणीतच अडकले आहे

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र दीर्घ आहे; त्यातील मुख्य भाग असा:

“मी त्रेचाळीस वर्षांची आहे, घरी शिकवण्या घेते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी आयुष्यात पहिल्यांदा एका उमेदवारासाठी घराबाहेर पडले. पक्षाचे नाव लिहीत नाही, कारण माझा प्रश्न पक्षाचा नाही. आमच्या बूथच्या यादीतील प्रत्येक घरी मी गेले, चिठ्ठ्या वाटल्या, कोण आपले आणि कोण काठावरचे अशा खुणा वहीत केल्या. निकालाच्या दिवशी आमचा उमेदवार पडला. आमच्या बूथवरही आम्ही मागे राहिलो. वहीप्रमाणे जी मते हक्काची होती त्यांच्या निम्मीही पडली नव्हती. कोणी म्हणते पैसे वाटले, कोणी म्हणते यंत्रात घोळ झाला. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदेसाठी मी पुन्हा उभारी धरली. मतदान २ तारखेला झाले आणि निकाल लागला २१ ला. मधले दिवस मला धड झोप नव्हती. तिथेही हरलो. गुलालाची मिरवणूक आमच्या दारावरून गेली आणि माझे धाकटे दीर, जे दुसऱ्या बाजूचे आहेत, ते कपाळावरच्या गुलालासह ओट्यावर येऊन म्हणाले, ‘वहिनी, आता तरी लोकांचे मत कळले का?’ तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. यजमान म्हणतात, आपला काय संबंध, सोडून दे. शिकवणीत माझे लक्ष लागत नाही. गल्लीत कोणी हसून बोलले तरी मनात येते, हिने मत दिले असेल का? मुलगी अठरा वर्षांची झाली. मतदार यादीत नाव घालू का, असे तिने विचारले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, ‘काय उपयोग?’ पुढच्या निवडणुकीत पुन्हा बोलावणे येईल. जावे का? आशा ठेवावी का, की हा नाद सोडून द्यावा?”

ताई, तुम्ही पक्षाचे नाव लिहिले नाहीत हे चांगले केले, आणि मीही ते ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही. २०२४ हे एकच वर्ष असे गेले की त्यात आपल्या राज्यातील दोन्ही बाजूंच्या घरांत तुमच्यासारखी अवस्था येऊन गेली. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हा महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या आणि महायुती १७ वर थांबली. त्यानंतर सहा महिनेही उलटले नव्हते, तोच २३ नोव्हेंबरला महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी मिळून २८८ पैकी २३० जागा घेतल्या. जूनमध्ये ज्यांनी दुपारीच टीव्ही बंद केला होता त्यांच्याकडे नोव्हेंबरमध्ये पेढे आले, आणि जूनमध्ये पेढे वाटणाऱ्यांना नोव्हेंबरची ती रात्र कशी काढावी हे कळेना. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते यांपैकी कोणत्याही घरात वाचले तरी चालेल असेच आहे.

सुरुवात तुमच्या यजमानांच्या बोलण्यापासून करते. “आपला काय संबंध” हे त्यांनी तुमच्या काळजीपोटीच म्हटले असेल, पण ते खरे नाही, आणि तुमच्या दुःखाचा बराच भाग या वाक्याने वाढवला आहे. उमेदवार पडला की लोक त्याला भेटायला जातात, त्याच्या पाठीवर हात ठेवतात, पुढच्या वेळी बघू म्हणतात. जिने सकाळी स्वयंपाक उरकून, दुपारच्या उन्हात घर न् घर पालथे घातले, तिला कोणी भेटायला येत नाही. उलट तिने वाईट वाटून घेणे हेच घरात जरा जास्तीचे ठरते. तुम्ही त्या आठवड्यांत वेळ दिला, शब्द दिला, गल्लीतला स्वतःचा चांगुलपणा एका माणसासाठी पणाला लावला. इतके दिल्यावर निकालाने काहीच वाटले नसते तर तेच काळजीचे झाले असते. यजमानांना एकदा शांतपणे सांगा की निवडणूक सोडून देता येईल, पण वाईट वाटणे सोडून देता येत नाही, ते ओसरावे लागते. आणि ते ओसरेपर्यंत त्यांनी सल्ला न देता नुसते ऐकून घेतले तरी तुम्हाला पुरे आहे.

पण तुमचे पत्र मी दोनदा वाचले तेव्हा असे दिसले की पराभवापेक्षाही तुम्हाला ती वही अधिक छळते आहे. उमेदवार पडला हे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे. वहीतल्या खुणा, हक्काची मते आणि हसून बोलणारी शेजारीण यांवर मात्र तुमचे मन पुन्हा पुन्हा येते. म्हणून त्या वहीकडे नीट पाहू.

दारात मत मागायला आलेल्या बाईला आपल्याकडे कोणी “नाही” म्हणत नाही. ती ओळखीची असते, कोणाच्या तरी मुलाला शिकवणारी असते, उन्हातून आलेली असते. तिला आत बोलावतात, पाणी देतात, आणि “आमचे घर तुमचेच आहे” असे म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाची बाई येते तेव्हा तिलाही पाणी मिळते आणि तेच वाक्य मिळते. यात लबाडी नाही. आलेल्या माणसाचा मान ठेवायचा आणि मत स्वतःपाशी ठेवायचे, ही आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली रीत आहे, आणि ज्या गावात रोजगार, ऊस, दूध, कर्ज आणि सोयरीक या सगळ्यांची सूत्रे कोणत्या ना कोणत्या पुढाऱ्यापर्यंत पोहोचतात, तिथे ती गरजेचीही आहे. तुमच्या वहीत ज्या खुणा झाल्या त्यांतल्या कितीतरी खुणा मताच्या नव्हत्या, तुमच्याविषयीच्या आदराच्या होत्या. तो आदर खोटा नव्हता आणि निकालाने तो कमीही झालेला नाही. जुने कार्यकर्ते म्हणूनच “हो” म्हणणाऱ्या घरांची संख्या जशीच्या तशी कधी धरत नाहीत. हे तुम्हाला पहिल्याच निवडणुकीत कोणी सांगायला हवे होते.

शिवाय त्या यादीत नाव असलेला प्रत्येक जण मतदानाला आलेला नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. म्हणजे यादीतील जवळपास एक तृतीयांश नावांपुढे शाईच लागली नाही. त्यांत पुण्याला कामाला गेलेली मुले असतात, लग्न होऊन गेलेल्या पण यादीत राहिलेल्या मुली असतात, वारलेली माणसे असतात. तुमच्या भागात तर दिवाळी झाली की ऊसतोडीची कुटुंबे बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि २० नोव्हेंबर ही तारीख नेमकी त्याच दिवसांतली होती. ज्यांनी तुम्हाला मनापासून हो म्हटले, त्यांतले काही त्या दिवशी गावातच नसतील. वहीतला आकडा आणि बूथवरचा आकडा यांत जे अंतर पडले ते सगळे दगा देणाऱ्यांचे आहे असे धरले, तर तुम्ही अशा माणसांवरही राग धरून बसाल ज्यांनी तुमचे काहीच बिघडवलेले नाही.

आणि कोणी खरोखरच शब्द देऊन दुसरीकडे मत दिले असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. गुप्त मतदान हे केवळ पुढाऱ्यांपासून संरक्षण म्हणून नाही, ते शेजाऱ्यांपासूनही आहे. तुमच्यासारख्या भल्या शेजारणीपासूनसुद्धा. हे मी कठोरपणे म्हणत नाही. पण गल्लीतल्या प्रत्येक हसण्यामागे मत शोधत राहिलात, तर निवडणुकीने तुमच्याकडून एक जागा घेतली त्याहून कितीतरी अधिक तुम्ही स्वतःहून देऊन बसाल. बूथनिहाय आकडे हल्ली सर्वांना पाहायला मिळतात आणि त्यांचा उपयोग पक्षाला होतो. तुम्हाला त्यांनी फक्त संशय दिला. ती वही माझ्या मते तुम्ही घरात ठेवू नये. ज्यांच्यासाठी ती केली होती त्यांच्याकडे देऊन टाका. देण्याआधी मात्र तिच्यातली एक गोष्ट दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या, ती कोणती हे पुढे सांगते.

पैसे वाटले, यंत्रात घोळ झाला, असे लोक म्हणतात, हे तुम्ही एका वाक्यात लिहिले आहे. माझे सांगणे एवढेच की अशा शंकेला कायद्याने जागा आणि मुदत दोन्ही दिली आहेत. विधानसभेच्या निकालाला उच्च न्यायालयात आव्हान द्यायचे तर निकालापासून ४५ दिवसांच्या आत याचिका करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून मतदारसंघातील पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. तुमच्या उमेदवाराने यांपैकी काही केले का, हे त्यांना सरळ विचारा. केले असेल तर त्याचे पुढे काय झाले ते कळेल. केले नसेल, तर ज्या शंकेसाठी उमेदवाराने अर्ज लिहिला नाही ती शंका तुम्ही रात्री अंथरुणात वर्षभर वाहत राहावी, हे न्यायाचे नाही. पैसे वाटताना तुम्ही स्वतः पाहिले असेल तर ती गोष्ट वेगळी. पुढच्या वेळी आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागच्या जागी छायाचित्र घेऊन तक्रार करता येते. ऐकीव गोष्टीवरून अख्ख्या गावाला विकले गेलेले ठरवू नका. त्या गावातच तुमच्या शिकवणीची मुले राहतात.

आता आशेविषयी. तुम्ही विचारता की आशा ठेवावी का. तुमच्या पत्रातून मला दिसते ते असे की तुम्हाला आशेने दुखावलेले नाही. तुम्ही आशेच्या जागी अंदाज ठेवला आणि तो अंदाज चुकला. “हे व्हावे आणि त्यासाठी मी काही करीन” असे वाटणे वेगळे आणि “हे होणारच” असे धरून चालणे वेगळे. प्रचाराच्या काळात दुसरे पहिल्याची जागा कधी घेते हे कळत नाही, कारण सभेत, गाडीत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर सगळे जण होणारच असेच बोलत असतात, आणि जो शंका काढतो तो फितूर ठरतो. ज्यांचा धंदाच अंदाजाचा आहे त्यांचेही काय होते ते आपण पाहिले: १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दाखवल्या आणि प्रत्यक्षात २९३ आल्या, ऑक्टोबरमध्ये हरियाणात बहुतेकांनी काँग्रेसला सत्तेवर बसवले आणि तिथे भाजपने ९० पैकी ४८ जागा जिंकल्या. ज्यांच्याकडे हजारो लोकांची विचारपूस करण्याची यंत्रणा आहे ते चुकतात, तर एका बूथच्या वहीवरून केलेले गणित चुकले याचे तुम्ही एवढे मनाला का लावून घ्यावे?

निकालाच्या दिवसाचेही असेच आहे. तुमच्यासारखी असंख्य माणसे सकाळी आठपासून पडद्यासमोर बसतात आणि पहिल्या तासात दहादा जिंकतात, दहादा हरतात. विधानसभेची मोजणी आधी टपाली मतांपासून सुरू होते. मग यंत्रे येतात, आणि साधारण चौदा टेबलांवर बूथच्या क्रमांकाप्रमाणे फेरीमागून फेरी मोजली जाते. म्हणजे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जे दिसते ते मतदारसंघाच्या एका टोकाच्या गावांचे मत असते; तिथे तुमचा उमेदवार मागे असला तर त्याचा अर्थ तो हरतो आहे असा होत नाही, आणि पुढे असला तर जिंकतो आहे असाही होत नाही. पुढच्या वेळी दुपारपर्यंत टीव्ही लावू नका. शिकवणी ठेवा, बाजार करा, जमल्यास ज्यांच्याबरोबर काम केले त्यांच्यापैकी एखाद्या मैत्रिणीला जेवायला बोलवा, आणि दोन वाजता एकदाच बघा. निकाल तोच लागेल. तुमच्या छातीत धडधडण्याचे सहा तास वाचतील.

नगरपरिषदेच्या वेळी तर तुमच्या वाट्याला याहून अवघड गोष्ट आली. तुमच्यासारख्या अनेक गावांत काही वर्षे निवडणूकच नव्हती, प्रशासक कारभार पाहत होते, त्यामुळे लोकांची आणि कार्यकर्त्यांची इच्छा तुंबून राहिली होती. शेवटी मतदान झाले, आणि ३ डिसेंबरला व्हायची ती मोजणी, काही ठिकाणचे मतदान लांबणीवर पडल्यामुळे, न्यायालयाच्या आदेशाने २१ तारखेवर गेली. मत यंत्रात बंद झाले आहे, कोणी काही करू शकत नाही, तरी मन रोज नव्याने हिशोब करते, असे ते दिवस होते. त्या काळात झोप उडणे ही तुमच्या मनाची दुर्बलता नव्हती. ज्या गोष्टीवर आपला काही ताबा उरलेला नाही तिची दीर्घकाळ वाट पाहायला लावली, की कोणाचेही असेच होते. परीक्षेच्या निकालाची वाट पाहणारी तुमची मुले तुम्ही पाहिलेलीच आहेत.

दीरांनी विचारलेला प्रश्न, “लोकांचे मत कळले का”, त्याला लागून एक गोष्ट सांगते. निकालाने कोण निवडून आले हे कळते. लोकांच्या मनात काय आहे ते त्यातून तेवढे स्पष्ट कळत नाही. जून २०२४ मध्ये महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांची टक्केवारी जवळजवळ सारखी होती, आणि जागा मात्र ३० आणि १७. मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात लाखो मते मोजून झाल्यावर विजय ४८ मतांचा निघाला. नोव्हेंबरमध्ये मालेगाव मध्यमध्ये तो १६२ मतांचा होता. एक मत जास्त मिळाले तरी जागा पूर्ण मिळते, ही आपल्या निवडणुकीची पद्धत आहे आणि ती सर्वांनी मान्य केलेली आहे. पण म्हणूनच, तुमच्या उमेदवाराला मत देणारे लोक काल गावात होते आणि आजही आहेत. ते कोणी हवेत विरून गेले नाहीत.

आपल्या राज्याच्या इतिहासातला एक पराभव मला या संदर्भात नेहमी आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहिता विधेयक रखडवले गेल्यामुळे सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईतून लोकसभेसाठी उभे राहिले. ज्यांनी संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले ते त्या संविधानाखाली झालेल्या पहिल्याच निवडणुकीत, काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश मिळाले नाही. त्यांच्यासाठी मुंबईच्या चाळींतून आणि भंडाऱ्याच्या गावांतून जे लोक पायपीट करीत फिरले असतील त्यांना त्या रात्री काय वाटले असेल याची कल्पना तुम्ही इतर कोणाहीपेक्षा चांगली करू शकाल. १९५२ मध्येच बाबासाहेब राज्यसभेत गेले आणि तिथे बोलत राहिले. ज्या विधेयकापायी त्यांनी पद सोडले ते १९५५ आणि १९५६ मध्ये चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. विवाहाचा, वारसाचा, पालकत्वाचा आणि दत्तक व पोटगीचा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा हा त्यातला उरलेला भाग महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मान्य केला. तुमच्या लेकीला आज जो हक्क आहे त्याच्या मागे निवडणूक हरलेला माणूस उभा आहे. त्यांच्या मोठेपणाशी आपली तुलना नाही, हे खरे. पण मतपेटीत हरलेले काम संपतेच असे नाही, हे आपल्याला इथे तारखांनिशी पाहायला मिळते.

याच कारणाने वहीतून एक गोष्ट उतरवून घ्या म्हणाले. तुम्ही दारोदार गेलात तेव्हा बायकांनी तुम्हाला मताखेरीज दुसरे पुष्कळ सांगितले असणार: कुठे नळाला पाणी रात्री दोनला येते, कुठे गटार उघडे आहे, कुणाचे निराधार योजनेचे पैसे थांबले आहेत, कोणत्या शाळेत स्वच्छतागृहाला दार नाही. हे ज्ञान निवडून आलेल्या नगरसेवकापाशीही तुमच्याइतके नसेल. त्यातली एकच गोष्ट घ्या, सगळ्या नको. पाण्याच्या वेळेची घेतलीत तर त्या गल्लीतल्या चार बायकांना बरोबर घेऊन मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात पाणी सोडण्याचे वेळापत्रक मागा, त्याला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्या चार जणींत दुसऱ्या पक्षाला मत देणारी एखादी असू द्या, मुद्दाम असू द्या. ज्या शेजारणीबद्दल तुम्हाला संशय आहे तिच्याबरोबर नगरपरिषदेच्या बाकावर साहेबांची वाट पाहत तासभर बसलात, तर तुमच्या दोघींमधला अवघडलेपणा जितका कमी होईल तितका माझ्या कोणत्याही उपदेशाने होणार नाही.

भाऊजींचे मात्र वेगळे आहे. त्यांनी जिंकल्याचा आनंद केला याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. तुमचा उमेदवार जिंकला असता तर तुमच्याही अंगावर गुलाल पडला असता. त्यांनी ओट्यावर येऊन, चारचौघांत, हरलेल्या माणसाला खिजवले, हे मात्र चुकले. या दोन गोष्टी तुमच्या मनात एक झाल्या आहेत, म्हणून तुम्ही बोलणेच बंद केले आणि त्यांना बहुधा असे वाटते आहे की वहिनी मतावरून रुसल्या. ज्येष्ठ म्हणून पहिला शब्द तुम्ही काढा. एखाद्या सणावाराच्या गर्दीत नको, ते एकटे असताना सांगा: “भाऊजी, निकाल मला मान्य आहे. तुम्ही तुमचे काम केले, मी माझे केले. पण त्या दिवशी तुम्ही दारात येऊन जे बोललात ते मला फार लागले.” एवढेच बोला आणि थांबा. पक्षाविषयी, नेत्यांविषयी, कोणी काय केले याविषयी त्या बैठकीत एक शब्दही नको. त्यांनी काढला तरी “तो विषय नंतर” म्हणा. ते लगेच चूक कबूल करतीलच असे नाही, पण घरात पुन्हा ये-जा सुरू होईल. महाराष्ट्रातले पक्षच २०२२ आणि २०२३ मध्ये दुभंगले, कालचे विरोधक आज एका मंत्रिमंडळात बसतात, एकाच घरातली माणसे समोरासमोर उभी राहतात आणि नंतर एकत्र जेवतातही. नेते ज्या सहजतेने बाजू बदलतात आणि संबंध जपतात, त्या मानाने कार्यकर्त्यांच्या घरातली भांडणे फार दिवस टिकतात, आणि याची किंमत फक्त कार्यकर्तेच मोजतात. मला याचे मनापासून वाईट वाटते.

मुलीला तुम्ही “काय उपयोग” म्हणालात, ते तिने ऐकले आहे, तेव्हा त्यावर तुम्हाला पुन्हा बोलावे लागेल. तिला प्रचार सांगू नका, कोणाला मत द्यायचे तेही नको. तुम्ही निराश होतात म्हणून तसे बोललात, एवढे सांगून तिच्याबरोबर बसून अर्ज क्रमांक सहा भरा. आता नाव नोंदवायला वर्षातून चार पात्रता दिनांक आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख, त्यामुळे तिला फार थांबावे लागणार नाही. ती कदाचित तुमच्या विरुद्ध बाजूला मत देईल. त्याचीही तयारी आत्ताच असू द्या आणि तिला कधी विचारू नका.

तुमच्या प्रकृतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण झोपेचा उल्लेख पत्रात आला आहे आणि शिकवणीत लक्ष लागत नाही असेही तुम्ही म्हणता. निकालानंतर काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे. पण आठवडे उलटूनही झोप नीट येत नसेल, भूक गेली असेल, पूर्वी ज्यात मन रमायचे त्यात काहीच वाटत नसेल, तर कारण निवडणूक असो वा आणखी काही, डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. आणि जे राजकीय ग्रुप तुमच्या फोनवर आहेत त्यांतून बाहेर पडायची गरज नाही, पण त्यांचा आवाज बंद करा आणि दिवसातून एका ठरावीक वेळी पाहा. रात्री जेवणानंतर मुळीच नको.

आता बोलावणे आले तर जावे का. जा, असेच मी म्हणेन, कारण तुमच्या पत्रात कंटाळा कुठेच नाही. दुखावलेपणा आहे, पण ज्या बाईला या कामाचा उबग आला असेल ती शेजारणीच्या मताबद्दल इतका विचार करणार नाही. मात्र या वेळी काही गोष्टी आधी बोलून घ्या. तुम्ही किती दिवस आणि दिवसाचे किती तास द्याल ते तुम्ही ठरवाल, आणि शिकवणीच्या वेळा त्यातून वगळलेल्या असतील. वहीत आपला-परका अशा खुणा तुम्ही करणार नाही. घरोघर कोणते प्रश्न आहेत ते लिहून आणाल आणि उमेदवाराने ते वाचावेत अशी अट घालाल. निकालानंतर, जिंकोत वा हरोत, उमेदवाराने एकदा तुमच्या गल्लीत येऊन लोकांना भेटावे, हेही आधीच कबूल करून घ्या. हरलेला उमेदवार आठवडाभरात लोकांचे आभार मानायला आला तर तुमच्यासारख्यांचे निम्मे दुःख तिथेच हलके होते, आणि हे फार थोडे उमेदवार करतात. या अटी त्यांना जड वाटल्या तर त्या निवडणुकीत घरी थांबा, मत देऊन या, आणि पाण्याच्या अर्जाचा पाठपुरावा चालू ठेवा. मान्य झाल्या, तर काम सुरू होण्याआधी भाऊजींना तुम्ही स्वतः सांगा की या वेळीही आपण समोरासमोर असू, आणि निकालाच्या दिवशी जो जिंकेल त्याने हरलेल्याच्या दारात गुलाल घेऊन यायचे नाही.